आपला तो बाब्या: तंत्रज्ञानाच्या ब्रँडवरची निष्ठा येते कुठून?

१९९७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला मॅकवर्ल्डचा मेळावा भरला होता. ॲपल कंपनी तेव्हा पार गाळात गेली होती. ती तगणार की नाही, याचीच चर्चा सगळीकडे होती. अशात नुकताच परतलेला स्टीव्ह जॉब्स मंचावर आला आणि त्यानं बातमी दिली: मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आणि मॅकसाठी ऑफिस हे सॉफ्टवेअर पुढची पाच वर्षं काढत राहणार. बुडत्याला काडी नव्हे, चांगला ओंडका मिळाला होता. तरी सभागृहातून हुर्यो उठली. मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्सचा चेहरा उमटला तेव्हा ती आणखी वाढली. ॲपलनं जिंकायचं म्हणजे मायक्रोसॉफ्टनं हरायलाच हवं, हा हट्ट आता सोडा, असं जॉब्सला आपल्याच लोकांना समजवावं लागलं.

हुर्यो करणारे बहुतेक जण ॲपलचे ना मालक होते ना नोकर. ते गिऱ्हाईक होते. पदरचे पैसे मोजून वस्तू घ्यायची आणि वर त्या कंपनीचं वैरही अंगावर घ्यायचं, हा प्रकार साबण किंवा सिमेंटच्या बाबतीत दिसत नाही. मोटरसायकलींच्या बाबतीत थोडाफार दिसतो. संगणक, फोन आणि गेमिंग कन्सोल यांच्या बाबतीत मात्र गेली चाळीस वर्षं तो सर्रास चालू आहे.

याचा माग काढणाऱ्यांनी साधारण तीन वाटा धरल्या. समाजशास्त्राकडून आलेले म्हणतात, माणूस ब्रँडला नव्हे, ब्रँडभोवती जमलेल्या टोळीला बांधला जातो. मानसशास्त्रवाल्यांचं म्हणणं, माणूस स्वतःच्या निवडीचं समर्थन करत असतो. अर्थशास्त्रज्ञ सरळ हिशेब मांडतात: सोडून जायला किती खर्च येतो ते बघा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. घोटाळा होतो तो त्यांची सरमिसळ केल्यानं. निष्ठेचा आवाज पहिल्या दोन कारणांतून येतो. तिचा टिकाऊपणा मात्र बहुतांशी तिसऱ्यातून. जिथे आवाज मोठा तिथे निष्ठा पक्की, असं कंपन्याही धरून चालतात आणि ग्राहकही. इतिहास तसं सांगत नाही.

टोळी कशी जमते

टोळी जमवण्याचं तंत्र ॲपलनं पहिल्यांदा पद्धतशीर वापरलं. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्यात दाखवलेली मॅकिंटॉशची जाहिरात रिडली स्कॉटनं दिग्दर्शित केली होती. राखाडी कपड्यांतल्या गुलामांच्या रांगा, पडद्यावर बोलणारा हुकूमशहा आणि धावत येऊन त्या पडद्यावर घण फेकणारी तरुणी. संगणक जाहिरातीत दिसतच नाही. आयबीएमचं नावही घेतलेलं नाही, पण घण कुणावर पडला ते बघणाऱ्याला कळत होतं. १९८३ मध्ये कंपनीत आलेल्या गाय कावासाकीचा हुद्दाच ‘इव्हँजेलिस्ट’ असा होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मॅकच्या बाजूला ओढून आणणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी लागणारी भाषा त्यानं चर्चमधून उचलली होती. १९९७ च्या ‘थिंक डिफरंट’ मोहिमेतही यंत्र नव्हतं. आइनस्टाइन, पिकासो, महात्मा गांधी होते. काय विकत घ्याल हे न सांगता, घेतलंत तर कुणाच्या पंगतीला बसाल हे सांगणारी ती जाहिरात होती.

हे सगळं धर्माच्या फार जवळ जातंय, हे बाहेरच्यांच्याही ध्यानात आलं होतं. इटालियन कादंबरीकार उम्बेर्तो एको यानं १९९४ मध्ये आपल्या सदरात गमतीनं मांडणी केली होती: मॅक कॅथलिक आहे आणि मायक्रोसॉफ्टचं डॉस प्रोटेस्टंट. एक पायरी पायरीनं हात धरून स्वर्गापर्यंत नेतो, दुसरा म्हणतो, तुझा तू अर्थ लाव आणि चुकलास तर भोग.

२००१ मध्ये अल्बर्ट मुनीझ आणि थॉमस ओगिन या दोन अमेरिकी संशोधकांनी ‘ब्रँड कम्युनिटी’ ही कल्पना मांडली. त्यांनी मॅकिंटॉश संगणक आणि साब, फोर्ड ब्राँको या मोटारी यांचे मालक अभ्यासले आणि त्यांच्यात तीन खुणा नोंदवल्या. पहिली, आपण ‘त्यांच्या’सारखे नाही ही जाणीव. दुसरी, विधी आणि कथा. साबचे मालक रस्त्यात दुसरी साब दिसली की एकमेकांना दिवे दाखवत. तिसरी, नैतिक जबाबदारी: नव्याला शिकवायचं, अडलेल्याला मदत करायची, सोडून जाणाऱ्याला थोपवायचं. कंपनीला फुकटात मिळणारा सेवाविभाग हाच.

या टोळीला कंपनीची गरज असतेच असं नाही. ॲपलचा न्यूटन हा हातात मावणारा संगणक १९९३ मध्ये आला, हस्ताक्षर नीट न ओळखल्याबद्दल त्याची टर उडवली गेली आणि १९९८ मध्ये जॉब्सनं तो बंद केला. तरीही त्याच्या वापरकर्त्यांनी तो सोडला नाही. ते सॉफ्टवेअर लिहीत राहिले, सुटे भाग जमवत राहिले. मुनीझ आणि होप शाऊ यांनी २००५ मध्ये या मंडळींवर निबंध प्रसिद्ध केला. मेलेली बॅटरी आपोआप जिवंत झाल्याच्या, यंत्र मोठ्या अपघातातून वाचल्याच्या, न्यूटन पुन्हा अवतरणार असल्याच्या कहाण्या त्यांना तिथे ऐकायला मिळाल्या.

चिनी कंपन्यांनी हेच तंत्र स्वस्तात आणि झटपट करून दाखवलं. शाओमीनं २०१० मध्ये फोन काढण्याआधी मीयूआय ही प्रणाली काढली आणि ती तपासायला पहिले शंभर वापरकर्ते जमवले. त्यांची नावं सुरुवातीच्या पडद्यावर झळकवून कंपनीनं त्यांचे उपकार मानले. वनप्लसनं २०१४ मध्ये पहिला फोन बाजारात आणला तो निमंत्रणावर. पैसे तयार असून भागत नसे, आधीच्या ग्राहकाकडून आमंत्रण मिळवावं लागे. त्याच वेळी कंपनीनं ‘जुना फोन फोडा आणि आमचा एका डॉलरमध्ये घ्या’ अशी स्पर्धा काढली. निवड झालेल्या शंभर जणांनीच फोन फोडायचा होता. उत्साही मंडळींनी निवड होण्याआधीच फोन फोडून व्हिडिओ टाकून दिले.

टोळी जमायला मोठं तत्त्वज्ञान लागत नाही, हे हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं. मुलांना सांगितलं की क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कुणाची चित्रं तुम्हाला जास्त आवडली त्यावरून तुमचे दोन गट केले आहेत. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग मुलांना इतर मुलांमध्ये पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, एवढ्यावर ते थांबलं नाही. आपल्या गटाला एकूण थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्तीत जास्त फरकानं मिळावेत, असा पर्याय अनेकांनी निवडला. समोरच्या गटातलं कुणी त्यांच्या ओळखीचं नव्हतं, भांडणाचं काही कारण नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ठरवायला एवढी वाटणी पुरली. बोस्टनच्या सभागृहात तर वर्षानुवर्षांचं वैर जमा होतं.

घेतलं तेच चांगलं

टोळी बाहेरची गोष्ट झाली. आतलं काम वेगळंच चालतं.

१९५६ मध्ये जॅक ब्रेम या संशोधकानं मिनेसोटातल्या २२५ महिलांना टोस्टर, रेडिओ, टेबललॅम्प, कॉफीयंत्र अशा वस्तूंना गुण द्यायला सांगितले. नंतर त्यांतल्या दोन वस्तू पुढे ठेवून एक भेट म्हणून निवडायला दिली. थोड्या वेळानं पुन्हा गुण मागितले तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि नाकारलेल्या वस्तूचे घटले होते. दोन्ही जवळपास सारख्या आवडल्या असतील, तर हा बदल जास्त होई. पुढच्याच वर्षी लिऑन फेस्टिंगरचं मनातल्या विसंगतीवरचं पुस्तक आलं आणि त्यात या वागण्याला सैद्धांतिक चौकट मिळाली. २०१० मध्ये कीथ चेन आणि जेन राइझन यांनी या प्रयोगपद्धतीतली एक संख्याशास्त्रीय खोट दाखवली. ती दुरुस्त करून केलेल्या प्रयोगांतही परिणाम उरला.

कानमन, नेट्श आणि थेलर यांचा १९९० चा मगांचा प्रयोगही याच घरातला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे मग देऊन टाकले आणि मग बाजार भरवला. ज्यांच्या हातात मग होता ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती नसलेल्यांच्या बोलीच्या साधारण दुप्पट होती. मग हातात येऊन काही मिनिटं झाली होती. फोन वर्षानुवर्षं हातात असतो.

आता यात तंत्रज्ञानाचं वेगळेपण मिळवा. प्रोसेसर, सेन्सर, स्क्रीनचा दर्जा यांतलं बहुतेकांना स्वतः काही तपासता येत नाही. गव्हाचा दाणा दाताखाली धरून बघता येतो, चिप बघता येत नाही. म्हणून नावावर भरवसा ठेवायचा. त्यात किंमत अशी, की महागडा फोन कित्येकांच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतका पडतो आणि तो हप्त्यांवर घेतलेला असतो. हप्ते फिटायचे असताना वस्तूत खोट काढणं जड जातं. गेमिंग कन्सोलच्या भांडणात हे स्वच्छ दिसलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानांवर सेगा आणि निन्टेन्डो असे तट पडले होते, कारण बहुतेक घरांत आईबाप एकच कन्सोल घेऊन देत. दुसरा मिळणार नाही हे पक्कं असताना, मिळालेलाच थोर ठरवण्यावाचून पोराला गत्यंतर नव्हतं. सेगानं २००१ मध्ये कन्सोल बनवणं थांबवलं, तरी ते वाद चाळिशी गाठलेली मंडळी अजून घालतात.

मराठी घरांत या प्रक्रियेला आणखी एक वळण मिळतं. बहुतेक घराण्यांत एक ‘त्यातला कळणारा’ असतो. कुणाचा भाचा, कुणाचा जावई. आत्याला, काकांना, शेजारच्या वहिनींना कोणता फोन घ्यावा हे तो सांगतो. एकदा त्यानं सांगितलं की त्या फोनची अब्रू ती त्याची अब्रू. फोन अडकला की हाक त्यालाच. मग तो पुढचा सल्ला स्वतःच्या सोयीचा देतो: सगळ्यांनी एकच कंपनी घ्या, म्हणजे मला सांगायला बरं. दहा माणसांच्या घराण्यात सहा फोन एकाच कंपनीचे निघतात तेव्हा त्यामागे सहा माणसांचं प्रेम नसतं. एका भाच्याची सोय असते.

या आतल्या कामाची ताकद किती, ते २०१६ मध्ये दिसलं. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला फोन परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरमध्ये उत्पादन कायमचं बंद झालं. भारतासह अनेक देशांत विमानात त्यावर निर्बंध आले. तरीही काही मालक फोन परत द्यायला तयार नव्हते. याच्या तोडीचा दुसरा फोन नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डिसेंबरमध्ये कंपनीला अमेरिकेत असं अपडेट पाठवावं लागलं की त्या फोनचं चार्जिंगच होऊ नये.

बाहेर पडण्याचा हिशेब

इथवर वाचून निष्ठा म्हणजे भावनांचाच मामला वाटेल. पण एक आकडा खटकतो. सीआयआरपी या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये तिथल्या ग्राहकांची पाहणी केली, तेव्हा नवा फोन घेताना अँड्रॉइडवरच राहणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास निघालं आणि आयफोनवर राहणाऱ्यांचं त्याहून किंचित कमी. अँड्रॉइडसाठी कुणी रात्रभर रांगेत उभं राहत नाही. तरी लोक तिथेच राहतात.

याचं उत्तर कंपन्यांना केव्हाच ठाऊक होतं. २०१० मध्ये वरिष्ठांच्या बैठकीसाठी जॉब्सनं लिहिलेल्या टिपणात आपली सगळी उत्पादनं एकमेकांना बांधून ग्राहकाला आपल्या व्यवस्थेत आणखी अडकवायचं, हा मुद्दा स्पष्ट होता. ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात २०१४ मध्ये ते टिपण बाहेर आलं. एपिक गेम्सबरोबरच्या २०२१ च्या खटल्यात आणखी पत्रव्यवहार उघड झाला. आयमेसेज ही ॲपलची संदेशसेवा अँड्रॉइडवर आणावी का, यावर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडरिगी यांनी २०१३ मध्येच लिहिलं होतं, की तसं केलं तर आयफोनवाल्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घ्यायला असलेली आडकाठी तेवढी दूर होईल. अमेरिकेत आयफोनवरून आयफोनला गेलेला संदेश निळ्या फुग्यात दिसतो, अँड्रॉइडशी बोलताना हिरव्या. किशोरवयीन मुलांत हिरवा फुगा म्हणजे कमीपणा. आईला पाठवलेला व्हिडिओ नीट जात नाही, अशी तक्रार २०२२ मध्ये एका परिषदेत ॲपलचे प्रमुख टिम कुक यांच्या कानावर एका माणसानं घातली. आईला आयफोन घेऊन द्या, असं उत्तर त्याला मिळालं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात या हिरव्या फुग्यांचा उल्लेख आहे.

भारतात मात्र सगळा गोतावळा व्हॉट्सॲपवर असल्यानं हा फुगा इथे चालत नाही. इथे आयफोनची पकड वेगळ्या गोष्टींनी येते: चारचौघांतला मान, कॅमेरा आणि विकायला गेल्यावर मिळणारी किंमत.

ग्राहकाला आत अडकवणारी ही कडी कंपनीनंच घातलेली असते असंही नाही. पॉल डेव्हिड या अर्थेतिहासकारानं १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचं उदाहरण देऊन दाखवलं, की एकदा लाखो बोटांना एक मांडणी सवयीची झाली की ती बदलणं कुणाच्याच हातात राहत नाही. आयबीएमच्या आणि नंतर लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपवर जीव टाकणाऱ्यांना त्याचा लाल ठिपका आणि सात ओळींचा कळफलक हवा असतो. २०१२ मध्ये कंपनीनं तो कळफलक बदलला, त्यावर वर्षानुवर्षं कुरकुर चालली आणि २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या खास मॉडेलवर कंपनीला तो परत आणावा लागला.

याचा सगळ्यात बोलका मराठी नमुना पुण्या-मुंबईच्या डीटीपीच्या दुकानांत आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण मराठी छपाई संगणकावर आली ती त्याच्या आधाराशिवाय. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती अशी पॅकेजं आली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले: अर्धं अक्षर एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कोणता तुकडा कुठे, हे प्रत्येक पॅकेजचं वेगळं. त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की पानभर अगम्य चिन्हं. काही पॅकेजं हार्डवेअर लॉकसकट येत. तो संगणकाला लावला नाही तर काम सुरूच होत नसे. पानं लावायला पेजमेकर. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. अडोबीनं २००४ मध्ये त्याचा विकास थांबवला आणि त्याला युनिकोड कधीच कळलं नाही.

तरी तो हटला नाही. ऑपरेटर गोदरेज किंवा रेमिंग्टनच्या मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेला, त्याच कळा श्रीलिपीत मिळाल्या, बोटं डोळ्यांशिवाय चालू लागली. सरकारी प्रमाणाची इनस्क्रिप्ट मांडणी शिकायची म्हणजे दोन-तीन महिने वेग निम्म्यावर, आणि पैसे पानावर मिळतात. कपाटात वीस वर्षांच्या दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या फाइली. नवी आवृत्ती काढायची तर त्याच उघडायच्या. कन्व्हर्टर वापरला तर मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण कुठे पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, कुठे रफार हरवतो, आणि पुन्हा सगळं प्रूफ वाचावं लागतं. म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर जुनं विंडोज जपून ठेवलेलं असतं. हे का सोडत नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: हात बसलाय. या निष्ठेसाठी कुणी सुपर बोलची जाहिरात केली नव्हती, पहाटेच्या रांगा लावल्या नव्हत्या. ती ॲपलच्या कितीतरी भक्तांपेक्षा चिवट निघाली.

कडी निघते तेव्हा

भावना किती आणि कडी किती, हे कडी काढल्यावरच कळतं. भारतात तशी एक मोठी चाचणी होऊन गेली.

मुंबईत ९८२० नं सुरू होणारा मोबाइल नंबर असणं एकेकाळी जुन्या, मातब्बर ग्राहकाची खूण होती. त्या सेवेचं नाव आधी मॅक्स टच होतं, मग ऑरेंज, मग हच, २००७ पासून व्होडाफोन, २०२० पासून व्ही. रंग बदलले, गाणी बदलली, जाहिरातीतला कुत्रा आला नि गेला. ग्राहक होते तिथेच राहिले. त्या मंडळींचं कंपनीवर प्रेम आहे, असं कुणाला वाटलं असतं तर नवल नव्हतं. त्यांचं प्रेम नंबरवर होतं. तो व्हिजिटिंग कार्डावर छापलेला, बँकेत दिलेला, गिऱ्हाइकांना पाठ. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. तेव्हापासून आलेल्या अशा अर्जांची एकूण संख्या आता १०० कोटींच्या पुढे गेली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि १७० दिवसांत तिचे १० कोटी ग्राहक झाले.

फोनच्या बाजारातही हेच घडलं. नोकियाइतका जिव्हाळा भारतात क्वचितच कुणा कंपनीला मिळाला असेल. जुलै १९९५ मध्ये देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तो नोकियाच्या फोनवर. २००३ च्या नोकिया ११०० ला धूळ न शिरणारा कळफलक आणि टॉर्च दिला होता. वीज गेल्यावर फोननं उजेड पाडता येतो याचं खेड्यापाड्यांत कौतुक होतं. जगभरात तो सुमारे २५ कोटी खपला. पण नोकियाच्या फोनमध्ये अडकवून ठेवणारं काही नव्हतं. सिम काढलं, दुसऱ्यात घातलं, संपलं. टचस्क्रीन आल्यावर लोक हळहळत का होईना, गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकल्याची घोषणा झाली. २०१७ मध्ये ३३१० पुन्हा काढला तेव्हा आठवणींना उधाण आलं, बाजार परत आला नाही.

ब्लॅकबेरीकडे तर कडी होती. बीबीएम या तिच्या संदेशसेवेवर बोलायचं तर समोरच्याकडेही ब्लॅकबेरीच हवी; कॉलेजच्या पोरांत पिन मागणं म्हणजे ओळख वाढवणं होतं. व्हॉट्सॲपनं कोणत्याही फोनवर तेच फुकटात दिलं आणि कडीचा उपयोग संपला. कंपनीनं बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर आणलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोवर गप्पा मारणारे दुसरीकडे बसले होते.

शाओमीचं उदाहरण या सगळ्यात जास्त शिकवणारं आहे. जुलै २०१४ मध्ये ती भारतात आली. फ्लिपकार्टवरच्या फ्लॅश सेलमध्ये फोन काही सेकंदांत संपत. ‘मी फॅन’ म्हणवणाऱ्यांचे मेळावे भरत, टीशर्ट घालून पोरं कंपनीच्या कार्यक्रमांत घोषणा देत. २०१७ च्या अखेरीस ती देशात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०२२ च्या अखेरीस ते स्थान गेलं आणि पुढे विवोनं ते घेतलं. चाहत्यांनी बंड केलं नाही, काही नाही. एका अँड्रॉइडवरून दुसऱ्यावर जायचं तर गूगलचं खातं टाकायचं. नंबर, फोटो, ॲप सगळं मागोमाग येतं. दोन हजार रुपयांनी स्वस्त आणि जरा बरा कॅमेरा असलेला फोन समोर आला की टीशर्टचा काही उपयोग होत नाही.

नव्या कड्या

ॲपलनं हा धडा ओळखून दोन्ही हातांनी काम चालवलं आहे. १८ एप्रिल २०२३ ला मुंबईत बीकेसीला भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा दाराशी टिम कुक स्वतः उभे होते आणि एक चाहता जुना मॅकिंटॉश उचलून घेऊन आला होता. दुकानाच्या जाहिरातीत मुंबईची काळीपिवळी टॅक्सी वापरली होती. १९ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे आयफोन १७ साठी तिथल्याच रांगेत धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. त्याच महिन्यात पुण्यात कोरेगाव पार्कला दुकान सुरू झालं. तिथे फोटो काढण्याचे, चित्रं काढण्याचे मोफत वर्ग चालतात. टोळी जमवण्याचं काम हे असं सुरू असतं, आणि खात्यात साठणारे फोटो, घड्याळ, इअरफोन आणि वर्गणी आपलं काम गुपचूप करत असतात.

दुसरीकडे सरकारं कड्या काढायला लागली आहेत. युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ अखेरपासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं. आयफोननं ते आदल्या वर्षीच स्वीकारलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलनं आरसीएस ही प्रमाणपद्धत घेतली, त्यामुळे अँड्रॉइडशी होणाऱ्या संदेशांत फोटो आणि व्हिडिओ आता बरे जातात. फुगा हिरवाच ठेवला आहे.

पुढची कडी मात्र फोनमध्ये नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक वापरणाऱ्याच्या सवयी, कामं, आजार, घरातल्या माणसांची नावं लक्षात ठेवू लागले आहेत. दोन वर्षं एका सहायकाशी बोललेल्या माणसाला दुसऱ्याकडे जायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि तेवढ्यासाठी तो कदाचित जाणार नाही. विचारलं तर तो त्या सहायकाच्या हुशारीचं कौतुकच करेल. आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क युरोपात २०१८ पासून कायद्यानं दिलेला आहे. भारतात २०१९ च्या विधेयकात तो होता. संसदेनं २०२३ मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून तो वगळला आहे.